तरव्याचा सवाल

खोकला लपत नाही म्हणतात. संस्कृतीने तर गाणं लपवलं होतं, आणि तेही अशा घरात जिथे उठल्यापासून झोपेपर्यंत गाण्याशिवाय दुसरा विषय नाही. आता ह्याला धाडस म्हणायचं की येडेपणा, ते तुम्हीच ठरवा.

तिचे सासरे भागोजी बुवा म्हणजे संगमेश्वराकडच्या गावांतले नावाजलेले शाहीर. गणपतीत तिकडे जाखडीची बारी लागते. एक मंडळ शक्तीवाल्यांचं, एक तुरेवाल्यांचं. पोरं पायात चाळ बांधून गोल नाचतात आणि दोन्हीकडचे शाहीर गाण्यातून एकमेकांना सवाल टाकतात. उत्तर त्याच चालीत, तिथल्या तिथे गाऊन द्यायचं. नाही आलं तर सगळ्यांदेखत हार कबूल करायची. बुवा तुऱ्याचे. संस्कृतीचं माहेर खेडकडचं, पिढ्यान्‌पिढ्या शक्तीचं. लग्नात ह्यावरून भरपूर थट्टा झाली होती.

माहेरी तिचा धाकटा भाऊ संदेश शाहीर होता. आवाज खणखणीत, पण दोन ओळी जुळवायला सांगितल्या की त्याला घाम फुटायचा. गाणी सगळी संस्कृतीची. लग्न झालं तरी ते काही सुटलं नाही. धुणं घेऊन ती वहाळावर जायची, कातळावर कपडे आपटता आपटता ओळी जुळवायची आणि फोनमध्ये गाऊन संदेशला पाठवायची. तेवढा वेळ ती कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची. ह्या जगात एवढं एकच तिचं स्वतःचं होतं, आणि ते गेलं तर आपलं काय उरेल, ह्या विचारानेच तिला धडकी भरायची.

घरात सांगायची सोय नव्हती. नवरा विनीत मुंबईला कंपनीत, आणि वर गावच्या मंडळाचा सेक्रेटरी. मोबाईलवर एकदा एक बाई शाहीर गाताना दिसली, तर म्हणाला, आमच्या घरातली असती तर तंगडं मोडून ठेवलं असतं. ही तर समोरच्या पार्टीला गाणी पुरवत होती. म्हणजे घरभेदीच की!

यंदा लावणीच्या दिवसांत, चिखलात वाकून कंबरेचा काटा ढिला झालेला असताना तिला एक सवाल सुचला.

एका घरी ती वाढली दाट, मुठीत धरून उपटली,
दुसऱ्या घरी चिखलात रोवली, मान टाकून राहिली,
लेकरं घेऊन वाकली तेव्हा घरात तिला घेतली,
सांगा बुवा, ही नार कोण?

उत्तर होतं तरवा, म्हणजे दाटीने वाढवून मग उपटून दुसऱ्या शेतात लावतात ती भाताची रोपं. शाहीर लोक सवाल काढणार तो रामायण-महाभारतातून. नार म्हटलं की समोरचा पुराणं धुंडाळत बसणार, आणि उत्तर मात्र त्याच्या बांधावर उभं! संस्कृती स्वतःशीच हसली होती. कुठल्या तरी लांबच्या गावी, कुठला तरी अनोळखी बुवा फसेल, एवढंच तिच्या मनात होतं.

पण गणपतीत ठरलेलं मंडळ ऐन वेळी येत नाही म्हणालं. सुट्टी घेऊन गावी आलेल्या विनीतने फोनाफोनी करून मेव्हण्याचं मंडळ ठरवलं. बायकोला सांगावं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही, आणि संदेशला वाटलं, तायला माहीत असणारच. दिवेलागणीला देवळापुढे टेम्पो थांबला, त्यातून भाऊ उतरला आणि तेव्हा कुठे संस्कृतीला कळलं, की फसणारा बुवा आपलाच सासरा.

बायकांच्या घोळक्यातून वाट काढत तिने त्याला गाठलं. तो एका पोराच्या पायात चाळ बांधत होता. तरव्याचा सवाल घालू नको, एवढंच ती कशीबशी बोलली.

"ताय, बारीत व्याही नाय नि मेव्हणा नाय," संदेश म्हणाला. "आणि दुसरा आणू कुठून? तू एवढाच दिलायस."

तेवढ्यात ढोलकीवर थाप पडली आणि तो गेला. ती सासूच्या शेजारी येऊन बसली.

गण झाला, गवळण झाली. बुवांचा आवाज अजून तसाच होता, मंडप हलत होता. मग संदेशने सवाल टाकला. बुवा हसले, मंडळाने दिलेलं मानाचं पागोटं सावरलं आणि सीतेवर गायले. संदेशने नाही म्हणून मान हलवली. बुवा द्रौपदीवर गायले. पुन्हा मान हलली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. बुवांच्या कपाळावर घाम आला. गावातली पोरं, बुवांचीच पोरं, एकमेकांना कोपरं मारून हसायला लागली. आणि उत्तर संस्कृतीच्या जिभेवर! सांगावं तर भावाचा घात, गप्प बसावं तर सासऱ्याचा. सासू देवाला हात जोडत होती, आणि आपण कुणाला हात जोडावे हे संस्कृतीला कळेना.

शेवटी तिला राहवलं नाही. तांब्या-पेला घेऊन ती पुढे गेली. बुवांना पाणी नेऊन देणाऱ्या सुनेकडे कोण कशाला बघतंय? पेला देताना ती वाकली आणि हळूच बोलली, "बाबा, तरवा."

बुवांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग समोर संदेशकडे, आणि परत तिच्याकडे. पाणी सावकाश प्यायले. पेला तिच्या हातात दिला, माईकपाशी गेले आणि म्हणाले, "आमची हार हाय."

संदेशने उत्तर गायलं तेव्हा सगळ्या मंडपाने कपाळावर हात मारून घेतला. अरे, तरवा! आपल्याच शेतातला!

सकाळी बुवा गोठ्यात होते. संस्कृती शेणाची पाटी घ्यायला गेली, तशी त्यांनी मान वर न करताच विचारलं, "सवाल तुझा ना गो?"

ती हो म्हणाली.

"वाटलाच. आमच्यासारख्या पुरुषाच्या डोक्यात असला काय येत नाय." त्यांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "चाळीस वर्सं गातोय, असा सवाल ऐकला नव्हता. पण उत्तर कशाला सांगितलंस? त्यांना सवाल तू दिलास, मना उत्तर तू द्यायचा, मग मी तिथे गाऊ काय? चोरून जिंकायचा आणि पागोटा मिरवायचा?"

तुम्ही हरू नये म्हणून, असं ती म्हणाली, पण तिचं तिलाच ते खोटं वाटलं; तिला स्वतःच्याच मनाची टोचणी थांबवायची होती. मग ती म्हणाली की मी आता घरात वहाळावरचं, फोनमधलं सगळं सांगून टाकते, लोक तुम्हाला हसतात ते मला बघवत नाही.

"खबरदार," बुवा म्हणाले. "विनीत तुझा फोन फोडील आणि वहाळावर जाणंही बंद करील. मग लिवशील कुठे?"

चहाच्या वेळी विनीत ओटीवर आला तो तणतणतच. सगळा गाव हसतोय म्हणाला. एवढी वर्षं स्वतः लावणी करताय नि साधा तरवा ओळखता आला नाही? वय झालं की माणसाने समजून बाजूला व्हावं. मंडळाचं ठरलंय, पुढच्या वर्षी बुवा दुसरा, पागोटं आजच देवळात आणून द्या. सासू पदराने डोळे पुसायला लागली. बुवा खाली बघून ऐकत होते.

संस्कृतीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "अहो, ऐका," ती म्हणाली, "बाबांना उत्तर..."

"सूनबाय," बुवा मोठ्याने म्हणाले, "चाय ठेव. माझ्या चायत साखर जरा जास्त घाल."

ती तिथेच उभी राहिली. बुवांनी वर बघितलं नाही. मग ती आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेर विनीत अजून बोलतच होता.