चुकीच्या गोलाचा जल्लोष

आयर्लंडात काठी-चेंडूने खेळतात त्या हर्लिंगचं सगळ्यात चांगलं मैदान कुठलं, यावरून अट्रॅक्टा आणि तिचा थोरला भाऊ सेनन यांचं कधीच एकमत झालं नव्हतं. त्यांच्या क्लेअर परगण्याचा संघ जिथे खेळायला जाई तिथे ही दोघं जात. तिचा नवरा वारल्यापासून तर एकही सामना चुकला नव्हता. गाडी सेननची, सँडविच अट्रॅक्टाची, आणि भांडण दोघांचं.

त्या रविवारी थर्लसला टिपररीच्या संघाशी गाठ होती. किल्लालूचा पूल मागे पडला तशी ती म्हणाली, "काही म्हण, थर्लससारखं गवत कुठे नाही. चेंडू कसा पाण्यावरून घसरावा तसा पळतो."

"गवत काय गुरांना घालायचंय? मैदान म्हणजे आपलं एनिसचं. काठीवर काठी आपटली की खाडकन कानात वाजते."

"अरे देवा! एनिसला पुढच्या माणसाच्या टोपीशिवाय काही दिसत नाही, असं कोण म्हणायचं? डब्लिनचं क्रोक पार्क तुझं लाडकं होतं ना?"

"क्रोक पार्कात चेंडू म्हणजे मोहरीचा दाणा. वर बसून शोधत राहायचा."

"मग कॉर्क?"

"कॉर्कला गाडी लावून मैदानापर्यंत पाय ओढेस्तोवर अर्धा सामना संपतो. तू आपली थर्लसच्या गवतावर लोळ, माझं काही म्हणणं नाही."

ती हसत होती, आणि हसता हसता किंचाळली, "सेनन! सायकल!"

गाडी झोकांडी खाऊन रस्त्याच्या मधोमध गेली. मागे वळून पाहिलं तर एक बाई सायकलसकट गवतात टेकलेली, आणि मूठ उगारून ओरडत होती. लागलं मात्र नव्हतं.

"ऊन डोळ्यांवर आलं," सेनन म्हणाला.

बाई दिसेनाशी होईपर्यंत अट्रॅक्टा मागे पाहत राहिली. तिने पाण्याचा घोट घेतला आणि विषय सोडून दिला.

थर्लसबाहेरच्या शेतात गाडी लावली, डिकी उघडून हॅमची सँडविचं खाल्ली, फ्लास्कमधला चहा प्यायले. मग गावच्या चौकातून, दारूच्या गुत्त्यांबाहेर सांडलेल्या गर्दीतून, रेल्वेचा पूल चढून मैदानाकडे निघाले. निळे-पिवळे टिपररीवाले, पिवळे-निळे क्लेअरवाले, सगळे एकमेकांना चिमटे काढत खांद्याला खांदा लावून चालले होते. सेननने तिचं कोपर घट्ट धरलं होतं.

"सुटले तर हरवशील की काय?" तिने टोमणा मारला. त्याने पकड आणखी घट्ट केली.

स्टँडमध्ये त्यांच्या शेजारी टिपररीचा एक लालबुंद, धिप्पाड माणूस बसला होता. सेननने नेहमीप्रमाणे रेडिओची तार कानात खुपसली. हिवाळ्यापासून त्याला हे नवीनच खूळ लागलं होतं. डोळ्यांनी बघायचं आणि कानांनी पुन्हा ऐकायचं, म्हणे दुप्पट मजा. मध्यंतरापर्यंत तो जोरात होता. कोणाची काठी मोडली, कोणाला पंचांनी झापलं, सगळं तोंडपाठ.

उत्तरार्धात रेडिओची बॅटरी संपली. त्याने डबी हातावर दोनदा आपटली, खिशात टाकली आणि गप्प झाला.

थोड्या वेळाने डावीकडच्या गोलपाशी एकच झुंबड उडाली. काठ्यांचा कडकडाट झाला, चेंडू जाळ्यात गेला, आणि पांढऱ्या कोटातल्या पंचाने हिरवा झेंडा फडकवला. टिपररीचा गोल. सगळं मैदान गर्जलं. अट्रॅक्टाने कपाळावर हात मारला.

आणि शेजारी सेनन दोन्ही हात वर करून उभा राहिला. "शाब्बास रे माझ्या वाघांनो! आत घातला! क्लेअर!"

मागच्या रांगेतले क्लेअरवाले आधी चकित झाले, मग फिदीफिदी हसले. "काका, जेवणाआधीच घेतली वाटतं?" टिपररीच्या माणसाने तर सेननच्या पाठीवर थाप मारली, "आमच्यात या आजोबा, जागा आहे."

अट्रॅक्टाही हसणार होती. पण तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. गोल डावीकडे झाला होता, आणि सेनन उजवीकडे तोंड करून हात हलवत होता.

तिने त्याची बाही ओढली.

तो खाली बसला. ती हळूच म्हणाली, "फलकावर किती झालेत रे?"

"तुझे डोळे काय गहाण टाकलेस?"

"सांग ना."

"तूच वाच. मला सामना बघू दे."

तिने आपला पंजा त्याच्या नाकासमोर धरला. पापणी हलली नाही. हात बाजूला नेला तेव्हा मात्र त्याने चटकन मान वळवली. "काय चाललंय तुझं?"

तिने हात मांडीवर घेतला. पुढे खेळ झाला, शिट्ट्या झाल्या, लोक उठले-बसले. तिला त्यातलं काही कळलं नाही. सकाळची सायकलवाली तेवढी पुन्हा पुन्हा दिसत राहिली. ऊन डोळ्यांवर आलं, म्हणाला होता. आज सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. ऊन कुठलं?

क्लेअर हरलं. शेतात परतल्यावर ती म्हणाली, "किल्ल्या दे. मी चालवते."

"तू? तू चर्चपलीकडे कधी गाडी नेली आहेस? बस गुपचूप."

"तुला दिसत नाही, सेनन."

"वेड लागलंय तुला." तो आत बसला, दार आपटलं, गाडी चालू केली.

अट्रॅक्टा गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. बरोबर नाकासमोर, हाताच्या अंतरावर. काचेतून तिला त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तो आपल्याला रागावेल, बाजूला हो म्हणेल, याची ती वाट बघत होती. त्याने मान शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळवली, मग पुन्हा समोर पाहिलं, थेट तिच्याकडे, आणि खिडकीतून हाक मारली, "अट्रॅक्टा! कुठे गेलीस? ये लवकर, गर्दी व्हायच्या आत निघू!"

अट्रॅक्टा जागची हलली नाही. गाडीने गचका दिला. बंपर तिच्या नडगीला लागला तेव्हा कुठे तिने दोन्ही हातांनी बॉनेट बडवलं.

इंजिन बंद झालं. सेनन चाचपडत खाली उतरला, बॉनेटला धरून धरून तिच्यापर्यंत आला. "लागलं का गं? तू होतीस तिथे? इथे, समोर होतीस?"

"समोरच होते रे."

तो चिखलात मटकन बसला. आजूबाजूने गाड्या निघत होत्या, लोक झेंडे गुंडाळत होते, आणि बासष्टीतली ती बाई आपल्या म्हाताऱ्या भावाचं डोकं पोटाशी धरून उभी होती.

डोळ्यांच्या मधोमध धुकं असतं, त्याने सांगितलं. कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी नाताळाआधीच गाडीला हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं.

"मग का लावलास?"

"गाडी गेली तर सामने गेले. मग आपल्याला बोलायला काय उरलं असतं?"

राग आणि रडू तिला एकदमच आलं. परतीला तिनेच गाडी चालवली, बैलगाडीच्या वेगाने. मागचे लोक भोंगे वाजवून शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सेननच्या अंगणात गाडीवर महिनोन्महिने साचलेला चिखल धुतला. डावी बाजू कुंपणाच्या काट्यांनी ओरबाडलेली होती. पुढे दिव्याखाली पत्रा खोल आत गेला होता.

"हे काय आहे, सेनन?"

त्याने त्या खळग्यावर हात ठेवला. "मार्चमध्ये. वळणावर. काहीतरी लागलं. मी उतरलो, रस्ता हातांनी चाचपला. काही सापडलं नाही."

"काहीतरी म्हणजे? काय होतं ते?"

"मला माहीत नाही गं." त्याने हात मागे घेतला. "रोज रेडिओवर मयतांच्या बातम्या ऐकतो. कुणाचं नाव येतंय का बघतो."

ती त्याला हाताला धरून चालत त्या वळणापर्यंत घेऊन गेली. तिथल्या प्रत्येक घराचं दार तिने वाजवलं. कुणाला काही माहीत नव्हतं. शेवटचं घर फिन्टन नावाच्या मेंढपाळाचं. त्याने डोकं खाजवलं. "मार्चमध्ये? माझी एक मेंढी गेली तेव्हा. रस्त्याकडेच्या चरात मरून पडलेली सापडली. मी आपला दूधगाडीवाल्याला आजवर शिव्या घालतोय."

"मेंढी?" अट्रॅक्टाने विचारलं. "नक्की मेंढीच?"

"बाई, मला माझी मेंढी ओळखू येत नाही?"

सेनन फिन्टनच्या उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. फिन्टनला काही उमजेना. तो आत जाऊन चहाचं आधण ठेवून आला. मग सेननने सगळं सांगितलं, काही न लपवता. फिन्टन ऐकता ऐकता पांढरा पडला. त्याच्या घरचीही माणसं त्याच रस्त्याने चालत येत-जात. त्याने कप पुढे केला.

परतताना सेननने गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. तिने मूठ मिटली. घरी पोचेपर्यंत तिने ती उघडली नाही.