पाठ नसलेली खुर्ची

एकोणीसशे एक्याण्णव सालच्या शेवटच्या आठवड्यातली ही गोष्ट. मित्रांनो, ती सांगणारी मी एक जुनी खुर्ची आहे. पण मला पाहिलंत तर तुम्ही खुर्ची म्हणणार नाही, कारण मला पाठ नाही.

जन्मले तेव्हा होती. एका म्हाताऱ्या सुताराने आम्हा सहा बहिणींना एकाच ओंडक्यातून घडवलं. रंधा मारून झाल्यावर कुठे कुसळ टोचत नाही ना, हे तो स्वतःचा गाल लावून पाहायचा. जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही मिरवत होतो. "काय सुबक खुर्च्या आहेत हो!" असं पाहुणे म्हणायचे. मग एकदा सुट्टीला आलेल्या थोरल्या भावजींनी भरपेट जेवून मागे रेलून असं काही हसून घेतलं, की माझी पाठ काडकन मोडली. उरलेले दांडे कापून माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. तेव्हापासून सगळे मला स्टूल म्हणू लागले.

स्वयंपाकघरात माझ्यावर कोणी बसत नसे. वहिनी माझ्यावर चढत. वहिनी म्हणजे या घराची गृहिणी. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, मुलगी चिंगी आठ वर्षांची. वहिनींच्या पायांची मला इतकी सवय झाली होती, की आज घाई आहे की नुसतं डोकं दुखतंय, हे मला तळव्यांवरून कळे.

त्या वर्षी त्या रोज सकाळी चढू लागल्या. सर्वांत वरच्या फळीवर, मोठ्या पातेल्यामागे, एक पत्र्याची डबी होती. तिच्यात रक्तदाबाच्या गोळ्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज सकाळी एक. मीठ कमी. दुपारी थोडं पडायचं." वहिनींनी ही गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नव्हती, कारण त्याच्या पोटात काही राहत नसे, आणि त्याच्या पोटातून निघालेलं थेट त्याच्या आईच्या कानावर जाई.

आई म्हणजे वहिनींच्या सासूबाई. एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. घरात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना हेडबाईच म्हणत. त्या थोरल्या मुलाकडे राहत आणि सुट्टीत इकडे येत. मागच्या सुट्टीत कोणाच्या तरी आजाराचा विषय निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई हे बीपीफीपी. हाताला काम नसलं की असले आजार सुचतात." वहिनी तेव्हा भांडी विसळत होत्या.  डबी वरच्या फळीवर का गेली, हे मला त्यावरूनच कळलं.

सुट्टी लागली आणि घर भरलं. भावजींचं कुटुंब, नणंदेचं कुटुंब, हेडबाई. मोजून चौदा माणसं. पहिल्याच सकाळी हेडबाई स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "मटार आण इकडे, मी सोलते. नुसतं बसून खायला मी काही पाहुणी नाही." गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवेना. इकडेतिकडे पाहून त्या माझ्यावर बसल्या. त्या चांगल्या मनाने बसल्या होत्या हो. पण बसल्या त्या बसल्याच.

"आई, बाहेर छान ऊन पडलंय. बाहेर बसता का?"

"का गं? माझी अडचण होते?"

"छे छे, तसं नाही."

झालं. त्या दिवशी गोळी राहिली. रात्री स्वयंपाकघरातही पाहुण्यांची अंथरुणं पडत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी वहिनींनी दिवाणखान्यातून दुसरी खुर्ची ओढत आणली, तर नणंद धावतच आली. "काय काढायचंय वहिनी? सांगा ना, मी काढते."

"काही नाही गं. जळमटं बघत होते."

खुर्ची परत गेली. वहिनी मात्र येताजाता फळीकडे पाहत. मला सगळं ठाऊक होतं, पण लाकडाला तोंड नसतं. चार पाय असून मला दोन पावलं सरकता येईना.

चौथ्या दिवशी चौदा जणांच्या भाताचं पातेलं उतरवताना वहिनींचा तोल गेला. पातेलं ओट्यावर आदळलं. गुडघ्यांच्या नावाने रडणाऱ्या हेडबाई एका झेपेत उठल्या, त्यांनी वहिनींना धरलं आणि माझ्यावर बसवलं.

अकरा वर्षांत वहिनी पहिल्यांदा माझ्यावर बसल्या.  टेकायला मला पाठ नव्हती, म्हणून हेडबाई मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुनेचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

"सारखी वर काय बघतेस गं चार दिवस? काय आहे तिथे?"

वहिनींनी डोळे मिटले. "पातेल्यामागे… डबी आहे."

आवाज ऐकून धावत आलेल्या नवऱ्याने डबी काढली. गोळ्यांवरचं नाव त्याने दोनदा वाचलं. "चार दिवसांच्या राहिल्यात? मग चारही देऊ का आता?"

"शहाणाच आहेस!" हेडबाई कडाडल्या. "आधी डॉक्टरांना बोलाव."

डॉक्टर गल्लीच्या टोकालाच राहत. त्यांनी दाब मोजला, आकडा पाहून भुवया चढवल्या आणि एकच गोळी दिली. "राहिलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नसतात. आणि औषधाला सुट्टी नसते," ते म्हणाले. "आज यांनी पडून राहायचं. संध्याकाळी मी पुन्हा दाब मोजायला येतो."

"आई, तू गोळ्या लपवून का ठेवल्यास?" चिंगीने विचारलं.

 उत्तर हेडबाईंनी दिलं. "माझ्यामुळे."

मग त्यांनी आपली विणकामाची पिशवी मागवली आणि लोकरीच्या गुंड्याखालून एक पाकीट काढलं. त्याच रंगाच्या गोळ्या. "पाच वर्षं झाली. न्हाणीघरात जाऊन घेते. सुनांपुढे कशाला, म्हणून." पाकीट मिटत त्या म्हणाल्या, "आमच्या वेळीही होतं गं हे. नाव माहीत नव्हतं, एवढंच. माझी आई भांडी घासता घासता गेली. बेचाळीसची होती."

वहिनींनी वर हात करून त्यांचं मनगट धरलं.  भात गार झाला.

संध्याकाळी दाब उतरला. तोवर भिंतीवर हेडबाईंच्या अक्षरात वेळापत्रक लागलं होतं. सकाळी आठला गोळ्या, दोघींच्या, सर्वांसमक्ष. मीठ टेबलावर, ज्याचं त्याने घ्यावं. दुपारी दोन ते तीन वहिनींना कोणी हाक मारू नये. भांडी भावजींकडे.

"मी?" भावजी म्हणाले.

"खुर्च्या मोडता येतात, मग भांडी घासायला काय होतं?"

त्यांनी तीन कप फोडले, पण भांडी घासली.

मित्रांनो, सुट्टी आली की घर हसतं, पण त्या हसण्यामागे कोणीतरी पहाटेपासून उभं असतं. ते माणूस स्वतःहून "दमले" म्हणणार नाही. म्हणून तुम्हीच विचारा. औषध घेतलं का, जेवण झालं का, रात्री झोप लागली का. आणि विचारून पळून जाऊ नका. त्यांच्या हातातलं काम घ्या.

हेडबाई पुढे अकरा वर्षं होत्या. शेवटपर्यंत त्यांची आणि वहिनींची पत्रं येतजात, त्यांत निम्मा मजकूर दाबाच्या आकड्यांचा असे. थोरले भावजी सडपातळ झाले नाहीत, पण भांडी उत्तम घासू लागले. चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झालेला नवरा आता स्वतः चष्मा शोधत फिरतो. चिंगी बँकेत आहे. माझा एक पाय डुगडुगतो, म्हणून मी गॅलरीत असते, कुंडी सांभाळत.

वहिनी त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. गेल्या सुट्टीत घर पुन्हा भरलं होतं. ऐन स्वयंपाकाच्या वेळी त्यांनी चपला घातल्या आणि "मी जरा फिरून येते," म्हणून निघून गेल्या. भाजी चिंगीच्या नवऱ्याने केली. थोडी करपली. सगळ्यांनी खाल्ली.