मधुहर महाराजांचा फिक्का पेढा

फ्रीगंजमधल्या मंगल कार्यालयात चपला ठेवायलाही जागा उरली नव्हती. टावर चौकाच्या आसपासची झाडून सगळी डायबेटिक मंडळी पेढे खायला लोटली होती, आणि तीही घरच्यांसमोर, उजळ माथ्याने! मधुहर महाराज मंत्राने पेढ्यातली साखर खेचून घेतात, ही बातमी शहरभर झाली होती.

"पहले पत्ता चबाओ, मन शुद्ध करो," महाराज माइकवर गरजत होते. "फिर पेड़ा खाओ. मिठास हमारी, मावा तुम्हारा!"

लोक रांगेने पान चघळत, पेढा तोंडात टाकत आणि डोळे विस्फारत. खरोखर फिक्का!

बँकेतून परस्पर तिथे पोचलेली जयू मात्र दारातच थबकली. तिचे सासरे भय्यासाहेब पहिल्या रांगेत बसून पेढे मटकावत होते. त्यांना डायबेटिस, शिवाय शेंगदाणे आणि तीळ अजिबात चालत नाहीत. जयूचा रोजचा स्वयंपाक म्हणजे तारेवरची कसरत. पोह्यांत दाण्यांऐवजी मटार, भरल्या वांग्यात दाण्याच्या कुटाऐवजी खोबरं, भात मोजका, चटणी तिळाशिवाय. एवढं करूनही गेल्या चतुर्थीला भय्यासाहेबांनी शेजाऱ्यांकडे चोरून साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि गळा सुजून थेट दवाखाना गाठला. प्रसाद कधी नाकारू नये, हे त्यांचं तत्त्व. जिभेला सोयीचं तत्त्व माणूस सहसा सोडत नाही.

"सूनबाई, एकदम फिक्का गं!" ते आनंदाने म्हणाले. "आता तुझी पथ्यं बंद!"

"और सुनिए," महाराज पुढे सरसावले. "जिसने शक्कर खींच ली, वो मूँगफली का दोष नहीं खींचेगा?" त्यांनी भय्यासाहेबांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

"भय्यासाहेब, खाऊ नका!" जयू ओरडली.

"अगं, डोळ्यांदेखत साखर गेली. आता दाण्यांचं काय घेऊन बसलीस?"

जयूलाही पान मिळालं होतं, पण घटक विचारल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही, ही घरातल्या पथ्यांनी लावलेली सवय. पान तिने हातातच ठेवलं आणि पेढा तेवढा चाखला. चांगला गोडमिट्ट होता!

"हा तर गोड आहे," ती मोठ्याने म्हणाली.

"बेटी में श्रद्धा की कमी है," महाराज हसले. सभाही हसली.

जयू चिडली. ती तडक बाहेरच्या चहाच्या ठेल्यावर गेली आणि मूठभर साखर मागून आणली. "श्रद्धा माझी कमी असेल. पण ही साखर तर महाराजांनी पाहिलीसुद्धा नाही. भय्यासाहेब, लाडवाआधी एवढी चाखा. माझ्यासाठी."

सुनेच्या शब्दाखातर भय्यासाहेबांनी चिमूट तोंडात टाकली. "अरे! ही तर वाळू लागतेय!"

शेजारी बसलेल्या अलकाताईंनीही चाखली. "हो ना! ये तो रेत है!"

मग जयूने पान चघळलं, तोंड वाकडं केलं आणि हातातला उरलेला पेढा खाल्ला. आता तिलाही तो मातीसारखा लागला.

"साखर कुठेही गेलेली नाही," ती म्हणाली. "पान जिभेची गोडी मारतं. तासाभरात चव परत येईल, पण साखर तोवर रक्तात पोचलेली असेल. आणि दाण्यांचा दोष तर कुठल्याच पानाने जात नाही."

पानाचं नाव गुडमार. ते वाळवून जडीबुटीच्या दुकानात सर्रास विकतात. महाराजांची सगळी सिद्धी एवढ्या एका पानावर उभी होती. त्यांना अचानक ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या दाराने पसार झाले.

भय्यासाहेबांनी लाडू हळूच खाली ठेवला. "मग मी खाल्लेले पेढे?"

"पोटात गोडच आहेत. चला, आधी शुगर तपासू," जयू म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

चमत्काराशिवाय नमस्कार नाही, असं आपण म्हणतो. नमस्कार खुशाल करा, पण त्याआधी तोच चमत्कार ठेल्यावरच्या साखरेवर करून बघा. बुद्धी देवाने दिली असेल, तर ती वापरल्याने त्याचा अपमान कसा होईल? जीभ फसते, डोळे फसतात, अख्खी सभा फसते. रक्त फसत नाही.