चंदनाखालचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला बांधून जे पितळी वजन खाली सोडतो, तोच मी. माझा मुक्काम सध्या चेन्नईत, नंगनल्लूरच्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आहे. वय शंभरीच्या जवळ आलं. या वयात माझा जीव एकदाचा भांड्यात पडला, म्हणून आज हे सगळं सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कुंभकोणमच्या एका ओतशाळेत झाला. त्या दिवशी एकाच मुशीतल्या रसातून दोन समया, एक घंटा आणि मी असे चौघे निघालो. समया आणि घंटा देवळात गेल्या. मी मात्र तंजावरच्या बाजारात एका दुकानाच्या खिळ्याला लटकत राहिलो. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. भावंडांना रोज तेल, फूल, नमस्कार आणि माझ्या वाट्याला चुन्याची धूळ! पण नशीब कुणाला कुठे नेतं ते कुणी सांगावं?

मला वादिराजने विकत घेतलं. तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला हा मुलगा. घरातले बाकीचे पुरुष कचेरीत लेखणी चालवायचे. याला मात्र उद्योगशाळेत जाऊन गवंडीकाम शिकायचं होतं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. वादिराजने कुणाचं ऐकलं नाही. तो मला दोरीला बांधायचा, भिंतीवरून खाली सोडायचा आणि मी स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरायचा. मला खोटं बोलता येत नाही, मित्रांनो. मला फक्त लटकता येतं, आणि लटकलं की खरं तेच सांगावं लागतं. आमच्या दोघांचं म्हणूनच जमलं.

मग महायुद्ध आलं. सैन्याला पूल बांधणारी, रस्ते करणारी माणसं हवी होती. वादिराज इंजिनिअरांच्या पलटणीत भरती झाला आणि मलाही बरोबर घेऊन गेला. तिथे सरकारी ओळंबे ढिगाने होते, पण त्याला मीच हवा. माझी सरमिसळ होऊ नये म्हणून त्याने हातोडी आणि छाप घेऊन माझ्या पोटावर स्वतःचा सैनिकी नंबर ठोकला. चार, एक, आठ, दोन, सहा. शेवटचा सहा जरासा तिरका पडला. सरळपणाचा एवढा भोक्ता माणूस, त्या एका आकड्यापायी दिवसभर चरफडत होता.

ब्रह्मदेशाच्या सीमेवर आम्ही एका नदीवर लाकडी पूल बांधला होता. तिसरा खांब पुराने कलला होता. वादिराज गळाभर पाण्यात उतरला, एका हातात मी आणि दुसऱ्या हाताने खांबाचा दोर ताणून धरलेला. वरून जखमींच्या गाड्या पलीकडे जात होत्या. तेवढ्यात एक तोफगोळा जवळच पडला. माझ्या अंगातून असा नाद गेला, की देवळातली माझी बहीण घंटा आयुष्यात कधी तशी वाजली नसेल. वादिराजच्या दोन्ही कानांतून रक्त आलं. पण शेवटची गाडी पार होईपर्यंत त्याने दोर सोडला नाही.

इस्पितळात त्याने चार महिने काढले. कान काही परत आले नाहीत. शेवटी सैन्याने त्याला सन्मानाने निरोप दिला आणि तसा शिक्क्याचा कागदही दिला. तो कागद खाकी कोटाच्या आतल्या खिशात घालून, तापाने फणफणत, १९४४ साली वादिराज घरी परतला.

आता पुढची गंमत ऐका. गंमत तरी कशी म्हणू? त्याची आई कडक सोवळ्याची. परमुलखातून, कुठकुठलं खाऊनपिऊन आलेला मुलगा! तिने त्याला मागच्या दाराशीच उभं केलं, आंघोळ घातली, आणि त्याचे सगळे कपडे सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकले. खिसे पाहायचं भान कुणाला होतं? संध्याकाळी कोटाच्या खिशातून पांढरा लगदा निघाला. मी धातूचा. मला चिंचेने घासलं, राखेने उजळलं आणि घरात घेतलं. कागदाला तशी सवलत नव्हती.

वादिराजने तो लगदा तळहातावर घेऊन पाहिला, आईकडे पाहिलं आणि टाकून दिला. दुसरी प्रत मागवता आली असती. त्याने मागवली नाही. आई आधीच रडत होती, तिला आणखी काय बोलायचं?

पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? लढाई अजून चालू असताना हा घरी कसा आला? हातात कागद नाही, अंगावर जखम दिसत नाही. "पळून आला असणार. बहिरेपणाचं सोंग आहे," असं गल्लीत बोललं जाऊ लागलं. वादिराजला ते कधीच कळलं नाही, कारण त्याला ऐकूच येत नव्हतं. त्याची बायको कनका सगळं ऐकायची आणि नवऱ्याला त्यातला एक शब्द कळू द्यायची नाही. आणि कान गेलेला माणूस हळूहळू बोलणंही सोडतो. पुलाची गोष्ट त्याच्या पोटातच राहिली. ती मला ठाऊक होती, पण मला कोण विचारणार?

पुढे दहा वर्षं आम्ही भिंती उभ्या केल्या. दर नवरात्रात, आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे तुमच्या खंडेनवमीला, वादिराज मला चिंचेने लख्ख घासायचा, चंदन लावायचा, कुंकवाचं बोट टेकवायचा आणि त्या दिवशी मला सुट्टी द्यायचा. १९५४च्या आयुधपूजेनंतर दोन दिवसांनी तो तापाने गेला. त्याची मुलगी वसंता तेव्हा सात वर्षांची होती.

पुढच्या वर्षी कुणीतरी मला घासायला चिंच घेतली, तशी कनका धावत आली. "ते पुसायचं नाहीं! ह्यांच्या हातचं चंदन आहे तें."

झालं! तेव्हापासून मला कुणी धुतलं नाही. दर वर्षी जुन्या चंदनावर नवं चंदन, जुन्या कुंकवावर नवं कुंकू. कनका गेली, वसंताने तोच नेम चालू ठेवला. तिच्या लग्नानंतर मी तिच्यासोबत मद्रासला आलो. मद्रासचं चेन्नई झालं. पूजेच्या पाटावर माझ्या शेजारी आधी कात्री आणि पुस्तकं असायची, मग स्कूटरची किल्ली आली, मग लॅपटॉप आला. मी मात्र वर्षागणिक फुगत चाललो. सत्तर वर्षांच्या थरांनी माझं असं पोट सुटलं, की नवखा माणूस मला सुकलेलं फळ समजला असता. मान भरपूर मिळत होता, पण मला हवं होतं काम, आणि पोटावरचा नंबर आत गुदमरत होता.

वसंताच्या मनात एक काटा होता. तिच्या लग्नात मांडवात वादिराजचा फोटो लावला होता. तिचा चुलत काका गिरिधर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "लढाईतून पळालेल्याचा फोटो शुभकार्यात कशाला?" फोटो उतरवला गेला. तो पुढे पंचावन्न वर्षं कपाटात, तिच्या रेशमी साड्यांच्या खाली राहिला. वडिलांवर तिची माया होती, पण तो फोटो भिंतीवर लावायचा धीर तिला कधी झाला नाही.

वसंताची नात संयुक्ता ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. गाडीचं दार केसभर जरी वाकडं बसलं तरी ती पकडते. माझ्याच जातीची मुलगी! तिला तमिळ आणि इंग्रजी जास्त सोपं जातं, पण आजीशी ती मराठीतच बोलते. एकदा साड्या लावताना तिला तो फोटो सापडला आणि तिने खोदून खोदून सगळं विचारून घेतलं. मग तिने सैन्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की नंबर असल्याशिवाय माणूस शोधता येणार नाही, या नावाचे बरेच होते. मग ती त्या पलटणीतल्या सैनिकांच्या मुला-नातवंडांच्या एका गटात शिरली. कुणाकडे पदक, कुणाकडे पत्र, जो तो आपापल्या वडील-आजोबांचा माग काढत होता.

तिथेच तिला कृष्णकांत भेटले. चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे सातारचे. त्यांचे वडील त्याच तुकडीत कारकून होते आणि त्यांनी एक खाजगी टिपणवही ठेवली होती. गेल्या आयुधपूजेला ती वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कृष्णकांत घरी आले. वसंताने त्यांना सुंडल, म्हणजे नवरात्रातली हरभऱ्याची उसळ, आणि कॉफी दिली. मी पाटावर नव्या चंदनाची वाट पाहत बसलो होतो.

"ताई, आधीच सांगतो," कृष्णकांत म्हणाले. "वहीत नावं नाहीत, फक्त नंबर आहेत. वही शत्रूच्या हाती पडली तर कुणाचं नाव कळू नये म्हणून. आणि दोन नंबरांपुढे वडिलांनी ‘पळाला’ असं लिहिलंय. ते काही मी लपवणार नाही."

वसंताचा चेहरा उतरला. "नंबर आमच्याकडे नाहीं सार. मग राहूं द्या."

कृष्णकांतांची नजर पाटावर गेली. आयुष्यभर कारखान्यात घालवलेला माणूस, त्यांनी वसंताला विचारून मला उचललं, दोरी ओवायचं भोक पाहिलं आणि हसले. "हा ओळंबा त्यांचाच ना? मग नंबर यावर असणार. पलटणीतला माणूस स्वतःच्या अवजारावर नंबर ठोकल्याशिवाय राहत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी केव्हापासून हेच ओरडत होतो.

"अज्जी, घासून बघूया? प्लीज!" संयुक्ता उठलीसुद्धा.

"नको गे कन्ना, नको गे सोन्या!" वसंताने मला हिसकावून पदराखाली घेतलं. "अप्पांच्या हातचं चंदन आहे आंत. आईनं जपलं, मी जपलं. आणि त्या दोघांतला एक अप्पांचा नंबर निघाला तर? आतां निदान ठाऊक तरी नाहीं."

संयुक्ता आजीच्या पायाशी बसली. "अज्जी, तुला काय वाटतं? ते पळाले असतील?"

वसंताने माझ्याकडे पाहिलं. "मी सात वर्षांची होतें. अप्पा भिंत बांधायचे. एक वीट वाकडी बसली तर अस्की, सगळीच्या सगळी रांग काढून परत लावायचे." ती उठली. "चिंच आण."

तिने मला पितळी ताटात ठेवलं आणि स्वतःच्या नखांनी एकेक थर सोडवला. वरचे थर सहज निघाले. सगळ्यात आतलं, काळपट चंदन तिने पुसलं नाही. अलगद खरवडून कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात भरून ठेवलं. मग चिंचेने घासलं. अहाहा! सत्तर वर्षांनी अंगाला वारा लागला, मित्रांनो. संयुक्ताने मोबाइलचा दिवा धरला आणि मोठ्याने वाचलं, "फोर, वन, एट, टू... सिक्स. सिक्स थोडा क्रॉस आहे, तिरका."

कृष्णकांत पानं उलटू लागले. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण त्या कागदाला ठाऊक होतं का? कारकुनाने चुकून भलतंच लिहिलं असलं तर? त्यांचं बोट पहिल्या ‘पळाला’वरून पुढे सरकलं. दुसऱ्यावरूनही सरकलं. मग एका ओळीवर थांबलं आणि त्यांनी चष्मा नीट केला.

"४१८२६. तिसरा खांब ओळंब्यात धरून गळाभर पाण्यात उभा. गोळा पडून दोन्ही कान फुटले. जखमींची शेवटची गाडी पार झाल्यावरच बाहेर आला. इस्पितळात रवाना. ओळंबा त्याचा स्वतःचा, सोबत पाठवला. माणूस फार चांगला."

वसंताने हळूच विचारलं, "म्हणजे... पळाले नाहींत?"

"पळायचं कसलं घेऊन बसलात ताई," कृष्णकांत म्हणाले. "जागचे हललेसुद्धा नाहीत."

वसंता मटकन खुर्चीत बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदमच सुरू झालं. "सोंग नव्हतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आई, ऐकलंस कां? सोंग नव्हतं." संयुक्ता तिच्या गळ्यात पडली. कृष्णकांत उगाच थंड झालेली कॉफी पीत राहिले. इतकी वर्षं त्या घरावर पडलेलं ओझं उतरलं. मला तर वाटलं माझंच वजन अर्ध्यावर आलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी जुनं असेल. आजोबांचं घड्याळ असेल, नाहीतर पणजीचा अडकित्ता. त्याला हार घाला, चंदन लावा, आमची ना नाही. पण अधूनमधून घासूनपुसूनही पाहा, आणि ज्याने ते वापरलं त्याची गोष्ट विचारा. नुसत्या नमस्काराने आमचं पोट भरत नाही.

डोळे पुसून वसंता आत गेली आणि साड्यांखालचा फोटो घेऊन आली. समोरच्या भिंतीवर, आल्यागेल्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी, तिने खिळा ठोकायला लावला. फोटो सरळ लागला का ते पाहायला संयुक्ताने मोबाइल काढला.

"तें ठेव," वसंता म्हणाली. "अप्पांचा आहे कीं."

तिने गजऱ्याच्या दोऱ्याचा एक तुकडा माझ्या भोकातून ओवला आणि मला चौकटीच्या कडेने खाली सोडलं. मी थोडा झुललो. तिने श्वास रोखून धरला, अगदी वादिराजसारखा.

"सांग," ती मला म्हणाली, "सरळ आहे कां?"

मी स्थिर झालो. चौकट किंचित डावीकडे कलली होती. वसंताने एका बोटाने ती सारखी केली, आणि वादिराज भिंतीवर अगदी ओळंब्यात उभा राहिला.