छत्तीस फूट तार

मित्रांनो, मी टेबलावरचा एक जुना टेलिफोन आहे. रंग राखाडी, बटणे वीस. त्यांतली तीन एकदा दाबली की आपण होऊन वर येत नाहीत. माझी तार मोजून छत्तीस फूट आहे. ती भिंतीतल्या भोकातून शेजारच्या खोलीत जाते आणि तिथल्या दुसऱ्या फोनपाशी संपते. त्यापलीकडे मोठे जग आहे, असे मी ऐकून आहे.

अमेरिकेतल्या इरी सरोवराकाठच्या आमच्या शहरात, पोलीस मुख्यालयात, आम्ही बारा जण एकाच दिवशी आलो. अकरा जणांना तिसऱ्या मजल्यावर नेले. अडचणीतली माणसे नऊ-एक-एक फिरवतात तेव्हा तिथे घंटा वाजते. कुणाच्या घराला आग लागलेली असते, कुणाची छाती दुखत असते, कुणाची गाडी बर्फात रुतलेली असते. बारावा मी. मला तळघरात, शिकाऊंच्या खोलीत बसवले. माझ्यावर येणारी प्रत्येक हाक खोटी होती. वर धावपळ झाली की आमच्या छताची धूळ माझ्यावर पडे. मग मी ओळखे, की भावांकडे काहीतरी खरे आले आहे.

एक, फक्त एक खरी हाक यावी, एवढीच माझी इच्छा होती.

शिकाऊंच्या खोलीवर वर्नेटा पेटवे यांचे राज्य होते. पोलीस खात्यात असूनही बाईंना ना बिल्ला होता ना बंदूक. त्या नागरी कर्मचारी. नऊ वर्षे तिसऱ्या मजल्यावर फोन घेतल्यावर त्यांनी स्वतःच सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम लिहून काढला आणि त्या खाली आल्या. बिस्किटांच्या एका चौकोनी डब्यात त्यांची कार्डे असत. प्रत्येक कार्डावर एक संकट. बाई डबा घेऊन भिंतीपलीकडे जात आणि साडेनऊला बहिरे आजोबा होत, पावणेदहाला नवऱ्याच्या भीतीने कुजबुजणारी बायको, दहाला दारू पिऊन छपरावर चढलेला जावई. भिंतीच्या अलीकडे, माझ्यासमोर, शिकाऊ पोरे घामाघूम होत.

"पत्त्याच्या आधी नाव विचारलंस," भिंतीपलीकडून बाईंचा खरा आवाज येई. "लग्न जमवायचंय का त्याच्याशी?"

मी एक निरीक्षण करून ठेवले होते. दर तुकडीला बाई कार्डांवरचे शब्द बदलत. आजोबांचा आजार बदले, जावयाची दारू बदले. एकच कार्ड एकोणीस वर्षांत कधी बदलले नाही. त्यात एक लहान मूल गाडीतून बोलते. आई उठत नाही, असे सांगते. त्याची अकरा वाक्ये आहेत आणि बाईंनी ती कधीही वाचून म्हटली नाहीत.

एके वर्षी महाविद्यालयांतले दोन प्राध्यापक आले. तीन दिवस त्यांनी बाईंच्या वह्या तपासल्या, परीक्षा पाहिल्या, माझा रिसीव्हर कानाला लावून शिकाऊंची उत्तरे ऐकली. मग त्यांनी लिहून दिले, की हे शिक्षण महाविद्यालयातल्या शिक्षणाच्या तोडीचे आहे. जो हा अभ्यासक्रम पुरा करेल त्याला पदवीसाठी सहा श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळावेत. त्या दिवशी बाईंनी मला ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाल्या, "ऐकलंस का रे? तू आता कॉलेजात आहेस."

तेव्हापासून आमची पोरे सहा श्रेयांक खिशात घालून संध्याकाळच्या कॉलेजांत जाऊ लागली. एव्हेलिस नावाची एक मुलगी त्यांतलीच. पोर्तो रिकोहून आलेल्या आईबापांची, बडबडी, हुशार. तिने पदवी घेतली, तिसऱ्या मजल्यावर नाव काढले आणि पुढे बाईंची मदतनीस म्हणून खाली आली.

बाईही संध्याकाळी कॉलेजात जात. पदवीला एकशेवीस श्रेयांक लागतात. एकशे चौदा व्हायला त्यांना तेरा वर्षे लागली. उरलेल्या सहांसाठी त्यांनी आपल्याच अभ्यासक्रमाचा अर्ज भरला. उत्तर आले ते त्यांनी माझ्या शेजारी बसून एव्हेलिसला वाचून दाखवले.

"'श्रेयांक अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांस देय आहेत. शिकवणे ग्राह्य धरले जात नाही.' आणि माझं स्वतःचं शिक्षण तर चार दिवसांचं. फोन घेणाऱ्या एका म्हातारीच्या शेजारी बसून कान द्यायचा, बस्स."

"म्हणजे मला मिळाले आणि तुम्हाला नाही?" एव्हेलिस उसळली. "मिस वर्नेटा, हा काय न्याय झाला?"

"नियम बरोबर आहे, पोरी. मीही हेच लिहिलं असतं."

"मग दुसरे दोन विषय घ्या. कुंभारकाम घ्या. माझ्या मावशीने घेतलं होतं, सहा श्रेयांक आणि चार वाकडे वाडगे."

बाई हसल्या नाहीत. "मला हेच सहा हवेत. आता मीच शिकाऊ म्हणून बसते," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी ते सांगितले, जे मी एकोणीस वर्षे नुसते ताडत होतो.

"नव्याण्णव साल. तेव्हा मोबाइलवरून फोन आला की पडद्यावर जागा दिसायची नाही. गाडीत एक लहान मुलगी, पुढे आई बेशुद्ध. मी विचारलं, कुठल्या रस्त्यावर आहेस? माहीत नाही म्हणाली. पुन्हा विचारलं. माहीत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती रडायला लागली आणि तिने फोन ठेवला. पन्नास मिनिटांनी गाडी सापडली, दुधाच्या दुकानासमोर. दुकानाच्या छपरावर बारा फुटांचा गायीचा पुतळा होता, एव्हेलिस. मी एकदा जरी विचारलं असतं, बाळा, तुला काय दिसतंय..."

"आई?"

"नाही वाचली."

एव्हेलिस म्हणाली, "तुमच्या परीक्षेत ते कार्ड मी डब्यातून काढून ठेवते."

"खबरदार काढलंस तर."

अशा रीतीने शेवटच्या तुकडीत, सहा तरुण पोरांच्या मागे, सत्तावन्न वर्षांच्या बाई वही घेऊन बसल्या. शेवटची म्हणतो, कारण उन्हाळ्यात ही खोली बंद होणार होती. नव्या इमारतीत सगळे पडद्यावर शिकवणार होते आणि बाईही निवृत्त होणार होत्या. तोंडी परीक्षेत पाच हाका, शंभर गुण, पास व्हायला पंच्याऐंशी. नापास झालेल्याने पुढच्या तुकडीत यायचे असते. बाईंना पुढची तुकडी नव्हती.

बाईंनी आपल्या हाताने डब्यातून पाच कार्डे उपडी उचलली आणि न पाहता एव्हेलिसला दिली. एव्हेलिस भिंतीपलीकडे गेली. चार हाका बाईंनी लीलया घेतल्या. पाचव्यांदा मी वाजलो.

"नऊ-एक-एक. मदत कुठे हवी आहे?"

"आई उठत नाहीये," एव्हेलिस बारीक आवाजात म्हणाली.

मित्रांनो, मी आवाजांबरोबर शांतताही मोजतो. शांतता दहा सेकंदांवर गेली की ती हाक गेली, असा बाईंचाच नियम होता. बाईंचा घाम माझ्या रिसीव्हरवर उतरला. सहाव्या सेकंदाला त्या बोलल्या.

"कुठल्या रस्त्यावर आहेस?"

माझ्या सर्व तारा थिजल्या. तोच प्रश्न.

"माहीत नाही."

एक, दोन, तीन. सात. आठ.

"बरं," बाई म्हणाल्या. "रस्ता राहू दे. खिडकीतून बाहेर बघ आणि मला सांग, तुला काय काय दिसतंय?"

"घरावर गाय आहे."

"केवढी?"

"खूप मोठी. काळी-पांढरी."

"कळलं मला. कळलं बाळा, तू कुठे आहेस ते. गाडी निघाली बघ."

मधली वाक्ये लागलीच नाहीत; कार्डावरचे शेवटचे, अकरावे आले: "मी फोन ठेवू?"

"नको. मी आहे इथे."

इथे कार्ड संपते. एव्हेलिस आपल्या आवाजात म्हणाली, "झालं, मिस वर्नेटा. ठेवा फोन."

बाईंनी ठेवला नाही. "अजून गाडी पोचलेली नाही," त्या म्हणाल्या.

भिंतीपलीकडे खुर्ची पुन्हा ओढल्याचा आवाज आला. मग तो बारीक आवाज परत आला. कार्डावर नसलेले बोलू लागला.

"गायीचं नाव काय?"

"तूच ठेव."

"पेनी."

"छान नाव आहे. पेनीला शिंगं आहेत का बघ."

चार मिनिटे दहा सेकंद त्या दोघी गायीबद्दल बोलत होत्या. मग एव्हेलिस म्हणाली, "लाल दिवा दिसतोय." बाई म्हणाल्या, "ते माझे लोक आहेत. आता ठेव हं." आणि त्यांनी रिसीव्हर इतका हळू ठेवला, की मला कळलेच नाही.

एव्हेलिस डोळे पुसत आत आली, पण गुणपत्रिका तिने घट्ट धरली होती. "नव्वद. रस्त्याच्या प्रश्नाचे दोन कापलेत."

"तीन कापायचे असतात," बाई म्हणाल्या. "कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलंय बघ."

एव्हेलिसने कार्ड उलटले. "एकोणनव्वद," ती म्हणाली. "समाधान झालं?"

पदवीच्या दिवशी बाई झगा घालून खाली आल्या होत्या, असे मला वाटते. खात्रीने सांगू शकत नाही. तोवर मला भिंतीपासून सोडवून, तार गुंडाळून, खोक्यात घातले होते. एक पाऊल दाराशी थांबले आणि खोक्यावर कुणीतरी दोनदा टिचकी मारली, एवढे मात्र खरे.

आता मी सामानाच्या कोठीत आहे. माझ्या अकरा भावांनी लाखो हाका ऐकल्या असतील. मी एकच खरी हाक ऐकली. ती तेवीस वर्षे उशिरा आली, छत्तीस फुटांवरून आली, तरी ती खरी होती, हे मी मोजून सांगतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे सगळेच सांगतात. मीही सांगेन, पण आधी दुसरे सांगू द्या. कुणी "माहीत नाही" म्हणाले, तर त्याला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारू नका. त्याला काय दिसते ते विचारा आणि थांबून राहा.

मी कोणत्या इमारतीत आहे, मला माहीत नाही. खोक्याच्या फटीतून मला एक उंच खिडकी दिसते. तिच्या बाहेर बसथांब्याचा खांब आहे, त्यावर बर्फ आहे आणि खाली निळी टोपी घातलेले कुणीतरी रोज सकाळी उभे असते.