पिंजऱ्यातली बॅटरी

बॅटरी दोनदा चोरीला गेल्यावर नाकिंटूने आपल्या टॅक्सीतली नवी बॅटरी लोखंडी पिंजऱ्यात वेल्ड करून घेतली होती. त्यामुळे तिचं चार्जिंग उतरलं की बॅटऱ्या चार्ज करून देणाऱ्या लुबोवाला चार्जर घेऊन गाडीपाशीच यावं लागे. कावेंपे वस्तीतल्या आपल्या आवारात त्याला गाडीची किल्ली देऊन नाकिंटू आज बाजारात गेली होती.

लुबोवाने दिवे, रेडिओ बंद असल्याची खात्री केली. लाल चिमटा बॅटरीच्या अधिक टोकाला लावला. काळा मात्र लांब, इंजिनच्या उघड्या बोल्टला. चार्जरचं बटण सगळ्यात शेवटी. हळूहळू बॅटरी आतून बुडबुडू लागली. त्यातून निघणारा वायू पेटतो. जवळ ठिणगी पडता कामा नये.

"ए! कुणाची गाडी उघडलीस रे?" मोटारसायकलवर भाडी मारणारा सेबुन्या फाटकात उभा होता.

"नाकिंटूबाईंनीच बोलावलंय."

"मागे बॅटरी गेली तेव्हाही त्यांनीच बोलावलं असेल! चोर! चोर!"

गल्ली धावून आली. पहिली वीट कानाखाली बसली. तो पडला तसे बरगड्यांवर बूट बसू लागले. कुणीतरी त्याचा हात दगडाने ठेचला.

"चोर असतो तर वायरी काढल्या असत्या!" तो रक्त थुंकत ओरडला. "लावल्या कशाला असत्या?"

"वकीलसाहेब बोलले!" कुणी हसलं. "टायर आणा रे, पेट्रोल आणा. जाळू याला."

सेबुन्याने लाल चिमटा धरला.

"ओढू नको, दादा! आधी बटण बंद कर!"

"मला शिकवतोस?"

त्याने चिमटा हिसकला. ठिणगी उडाली आणि बॅटरी फुटली. आम्ल आणि झाकणाचे तुकडे थेट त्याच्या तोंडावर आले. गर्दी पांगली. सेबुन्या डोळे दाबून गुरासारखा ओरडत लोळू लागला.

फाटक मोकळं होतं. लुबोवा उठून तिकडे दोन पावलं गेला, मग परतला. त्याने बटण बंद केलं, गाड्या धुण्याच्या जागेवरून पाण्याचा कॅन ओढत आणला, सेबुन्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि पापण्या ताणून पाणी ओतू लागला.

परतलेल्या लोकांना एवढंच दिसलं. "मारतोय त्याला!" लुबोवाच्या गळ्यात टायर पडला.

"थांबा!" सेबुन्या खालून किंचाळला. "जाळा त्याला, काय करायचं ते करा! पण आधी डोळे धुऊन होऊ देत. आग होतेय रे!"

लुबोवा ओतत राहिला. कॅन संपला.

"अजून किती?" पेट्रोल घेऊन आलेल्याने विचारलं.

"बराच वेळ. नाहीतर डोळे जातील."

वीट मारणाऱ्याने रिकामा कॅन उचलला. नळाकडे जाता जाता त्याने लुबोवाच्या गळ्यातला टायर ओढून काढला.

"ओतताना आड येतोय," तो म्हणाला.