मधला खांब

ज्या तळघरात या हौशी नाटकमंडळींच्या तालमी चालत, ते होतं नळ आणि पाइप विकणाऱ्या एका दुकानदाराचं. जागा फुकट मिळालेली, त्यामुळे नावं ठेवायची सोय नव्हती. पण तिथे ऐन मध्यभागी एक जाडजूड गोल खांब होता, आणि त्याने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. पहिल्याच आठवड्यात कुणाचं कोपर सोललं, कुणाच्या कपाळाला टेंगूळ आलं. नाटकात रुसून घर सोडलेला थोरला मुलगा करणारा बेकरीवाला त्या खांबाला जावईबापू म्हणायचा. घराच्या मधोमध ताठ उभं राहायचं, कामाला हात लावायचा नाही आणि सगळ्यांनी आपल्याभोवती फिरायचं, याला दुसरं काय म्हणणार?

सणाच्या सुट्टीत लहानथोरांनी मिळून बघावं असं एक गाण्याबजावण्याचं नाटक ही मंडळी दरवर्षी करत. यंदाच्या नाटकात एक आजी होती. तिची पांगलेली मुलं सणाच्या संध्याकाळी एकेक करून घरी येतात, भांडतात, नाचतात आणि शेवटी एकत्र जेवायला बसतात. आजीचं काम करत होत्या सासूबाई आणि नाटक बसवत होती त्यांची सून. सून दिवसभर एका दुकानात लोकांची नजर तपासून चष्मे द्यायची, म्हणून मंडळींनी तिला चष्मेवाली करून टाकलं होतं. नाच बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण स्वतः रंगमंचावर पाऊल टाकायची तिची छाती नव्हती. लहानपणी शाळेत एकदा उभी केली होती, तेव्हा तोंड उघडायच्या आत ती भोवळ येऊन पडली होती. तेव्हापासून ती पडद्यामागेच बरी होती.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मंडळी पहिल्यांदा खऱ्या सभागृहात गेली आणि घोटाळा तिथेच झाला. तळघरात सगळे खांबाला वळसा घालून नाचायला शिकले होते. इथे खांबच नव्हता. बेकरीवाला सवयीने मोकळ्या हवेला वळसा घालून गेला, समोरून नाचातल्या दोघी चुलत बहिणी सरळ आल्या, आणि तिघं एकमेकांवर आपटली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. महिनोन् महिने ज्याला शिव्या घातल्या, त्याच्यावाचून आता कुणाचं पान हलेना.

चष्मेवालीही हसत होती. मग तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या मंचाच्या मधोमध उभ्या होत्या आणि त्यांचा उजवा हात हवेत काहीतरी शोधत होता. बोटं जरा पसरलेली, तळवा पुढे. नजर अधू झालेल्या माणसांचे असे हात ती दुकानात रोज बघायची. 

तिने त्यांना रंगपटात नेलं, दार लावलं आणि विचारलं. सासूबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. समोरचं वाटीएवढं दिसतं, बाजूचं सगळं गेलं, असं त्यांनी सांगितलं. परस्पर जाऊन डॉक्टरांनाही दाखवून आल्या होत्या. गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं औषधावर टिकेल, असं ते म्हणाले होते. तळघरात खांबाला हात लागला की आपण कुठे आहोत ते त्यांना कळायचं. सगळं काम त्यांनी त्या खांबाच्या जिवावर पाठ केलं होतं.

चष्मेवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या गावाचे डोळे तपासणारी ती, आणि घरातल्या माणसाचे तिला दिसले नव्हते.

"मला का नाही सांगितलंत, आई?"

"सांगितलं असतं तर तू मला खुर्चीत बसवलं असतंस," सासूबाई म्हणाल्या. "खुर्ची आहेच गं पुढे जन्मभर. हे नाटक मला उभ्याने करायचंय."

तिने खरंच तेच केलं असतं.

बातमी मंडळींना सांगावीच लागली. औषधांचं दुकान चालवणारे मंडळींचे अध्यक्ष तसे भले, पण हाताची घडी घालून उभे राहिले. मंचाची कड कमरेएवढी उंच, म्हातारं माणूस खाली गेलं तर काय, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. त्यांच्या बायकोला सगळी गाणी येत होती, तिला उभं करू म्हणाले. बायको मान खाली घालून बसली. चष्मेवालीने संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला.

मंडळींतल्या सुताराने दुपारभर खपून प्लायवूडचा खांब केला. पण सभागृहाची लाकडी जमीन नवी, तिथला व्यवस्थापक खिळा ठोकू देईना. खांबाच्या बुडाशी वाळूची पोती ठेवली. पहिल्याच नाचात बेकरीवाल्याचा धक्का लागला, खांब हातभर सरकला आणि त्याच्या भरवशावर वळलेल्या सासूबाई थेट कडेकडे निघाल्या. सुताराने त्यांना दंडाला धरून थांबवलं. सगळ्यांचे चेहरे उतरले. सरकणाऱ्या खांबापेक्षा नसलेला परवडला.

अध्यक्षांनी घसा खाकरला. ते बोलायच्या आत चष्मेवाली म्हणाली, "खांब मी होते."

कुणाला काही उमजेना. तिने समजावून सांगितलं. माणूस धक्का लागला तरी पाय रोवून उभा राहतो. आणि सगळ्यांची पावलं तिला पाठ होती, त्यामुळे कुणी चुकलं तर ती दबक्या आवाजात सांगू शकत होती.

"तुला भोवळ येते," सासूबाई म्हणाल्या.

"येऊ दे. पडायला मला सवड नाही."

जावईबापूंच्या जागी सूनबाई आल्या, असं बेकरीवाला म्हणाला, आणि अध्यक्षही हसले. हसलेल्या माणसाला पुन्हा हाताची घडी घालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला तपकिरी कापडात गुंडाळलं, तोंडाला तोच रंग फासला आणि वरून खालपर्यंत कागदी फुलांच्या माळा सोडल्या. पडदा उघडला. सभागृह खच्चून भरलेलं होतं.  तिच्या अंगावरची फुलं सळसळायला लागली. पण समोरून सासूबाईंचा हात आला, खांबाला टेकला, आणि आजी बरोब्बर तिथूनच दाराकडे वळली. चष्मेवालीने दातांवर दात धरले. कुणी धडकलं, कुणाचं कोपर बरगडीत बसलं, ती हलली नाही. बेकरीवाला ओळ विसरला, तीही तिने ओठ न हलवता पुरवली. पहिला अंक निभावला. दुसराही निभावत आला.

शेवटच्या गाण्याआधी मात्र दिवे एकदम प्रखर झाले. आता आजीने खांब सोडून, मोजलेली पावलं टाकत पुढे जायचं आणि एकटीने गायचं, असं ठरलेलं होतं. चष्मेवालीला पहिल्या रांगेतले चेहरे दिसले, सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटलं, आणि ते चेहरे गरगर फिरायला लागले.  आता आपण पडणार आणि सासूबाईंना घेऊन पडणार, एवढंच तिला कळलं. सासूबाईंचा तळवा अजून तिच्या खांद्यावर होता, आणि त्याखालचं कापरं त्यांना कळल्यावाचून कसं राहील?

त्या पुढे गेल्या नाहीत. त्यांनी दुसरा हातही खांबाभोवती टाकला आणि कानाशी तोंड नेलं.

"भिऊ नकोस. मी धरलंय तुला."

कीबोर्ड वाजवणारे गृहस्थ आजी पुढे येण्याची वाट बघत तीच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत होते. आजी जागची हलली नाही. तिथेच, खांबाला कवेत घेऊन तिने गाणं सुरू केलं. चष्मेवालीने हे असं बसवलेलं नव्हतं. तिच्या तोंडावरचा तपकिरी रंग ओघळत हनुवटीपर्यंत आला होता, पण पाय मात्र जागेवर होते. गाणं संपेपर्यंत त्या दोघी तशाच उभ्या राहिल्या.